जिपारकुल एजेची पंधरा पावलं माती

तुमच्या इमारतीच्या दारासमोर पंधरा पावलं लांब आणि तीन पावलं रुंद अशी मातीची पट्टी मोकळी पडली असेल, तर तिथे तुम्ही काय लावाल? खरं सांगा. फुलं, की गाडी?

लाजू नका. डोंगरातल्या आमच्या नारीन शहरात हाच प्रश्न निघाला तेव्हा सोळा बिऱ्हाडांपैकी अकरांनी गाडीसाठी हात वर केले. उरलेल्या पाचांतले चार हात म्हाताऱ्यांचे. ते कशासाठी वर केले हे त्यांना धड ऐकूही आलं नव्हतं. पाचवा हात जिपारकुलचा. तो वर गेला तो खाली यायलाच तयार नाही.

"एजे, हात खाली घ्या, मोजून झालंय," कानिशाय म्हणाली. इमारतीचा कारभार कानिशाय बघते. जिना कोणी झाडायचा, कोणाच्या नळाचं पाणी कोणाच्या छतावर गळतंय, सगळं तिच्या वहीत.

"मोजून झालं असेल. बोलून झालेलं नाही," जिपारकुल म्हणाली.

जिपारकुलला आख्खी गल्ली एजे म्हणते, म्हणजे ताई. साठीला टेकलेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. शहराला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघरात तिने सव्वीस वर्षं कोळसा ओढला. आमचा हिवाळा ऑक्टोबरात येऊन बसतो तो एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. पारा उणे तीसपर्यंत उतरतो. तेव्हा भिंतींलगतचे ते जाडे नळ गरम असतात म्हणून माणसं जिवंत राहतात, आणि नळ गरम राहायचे ते जिपारकुलसारख्यांच्या पाठीवर. त्याबद्दल कोणी कधी टाळी वाजवली नाही. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर ओशला गेली, नोकरी संपली. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपल्याला रंगांची भूक लागली आहे.

"सव्वीस वर्षं आत काळं बघितलं," ती बैठकीत म्हणाली. "बाहेर यावं तर पांढरं. काळं नाहीतर पांढरं, तिसरं काही नाही. आता मला लाल बघायचंय, पिवळं बघायचंय, आणि माझ्या दारात बघायचंय. थडग्यावर तुम्ही आणून ठेवाल ते मला कुठून दिसणार?"

मग मंबेताली बाइके खाकरले. बाइके म्हणजे दादा; हा कानिशायचा नवरा. तीस वर्षं डोलोनच्या घाटातून ट्रक हाकलेला माणूस, आता जवळ एक जुनी मिनीव्हॅन. ती रात्रंदिवस रस्त्यावर उभी असते आणि कोणी ना कोणी तिचा आरसा तोडून जातं. पट्टीवर खडी टाकायची सूचना त्यांचीच.

"पोरी, नारीनमध्ये उगवतं काय?" बाइके म्हणाले. "बटाटा आणि माणसं. त्यातली माणसंसुद्धा जरा मोठी झाली की बिश्केकला पळतात. फुलं काय थांबणार?"

"तुम्ही थांबलात ना?"

"माझी गाडी चढ चढत नाही म्हणून!"

हसण्याच्या गोंधळात कानिशायने वही आपटली आणि निकाल दिला. पुढच्या वर्षीच्या 'शेवटच्या घंटे'पर्यंत मुदत. शेवटची घंटा म्हणजे पंचवीस मे, शाळेचा अखेरचा दिवस. पोरं बाईंना फुलं नेतात. ती फुलं बिश्केकहून घाट चढून ट्रकमधून येतात आणि येईपर्यंत त्यांनी माना टाकलेल्या असतात. "आपल्या इमारतीत शाळेत जाणारी नऊ पोरं आहेत," कानिशाय म्हणाली. "नऊच्या नऊ पोरांच्या हातात याच पट्टीतली फुलं दिसली तर माती एजेची. एका जरी पोराला विकतची आणावी लागली, तर खडी."

"लिही," जिपारकुल म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिही."

त्याच वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात तिने अशार पुकारला. अशारला नाही म्हणता येत नाही. शेजाऱ्याने कामाला हाक दिली की जायचं, हातात काहीतरी घेऊन जायचं, आणि तो खाऊ घालेल ते खायचं. तिच्या विरुद्ध हात वर केलेली अकराही घरं फावडी घेऊन हजर. एकीकडे लेंडीखताची घमेली येतायत, दुसरीकडे "एजे, हे सगळं शेवटी खडीखालीच जाणार आहे हं" असे आशीर्वाद चाललेत, आणि मध्ये जिपारकुल परातीतले गरम गरम बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, वाटतेय.

रोपं ज्याने त्याने आणली. तिची धाकटी बहीण दारिइका बिश्केकला असते. तिने बसच्या टपावरून सहा गुलाब धाडले होते. टपोऱ्या कळ्यांचे, लाल आणि केशरी, प्रत्येकाच्या गळ्यात चित्राची चिठ्ठी. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने कब्रस्तानच्या वाटेवरचे जांभळ्या आयरिसचे गड्डे आणले, माती झाडायचीही तसदी न घेता. आणि सगळ्यांत शेवटी मंबेताली बाइके मिनीव्हॅन मागे घेत आले. डिकी उघडली. आत पहारीने उकरलेली सात काटकुळी झुडपं, बुंध्याला दगडमातीचे हे एवढे गोळे.

"हे काय?" जिपारकुलने विचारलं, माहीत असूनही. ताबिल्गी आमच्याकडे कोणाला माहीत नाही? डोंगरउतारावर वाटेल तिथे वाढते, लाकूड लोखंडासारखं, म्हणून चाबकाच्या मुठी तिच्याच होतात. बाइके फावल्या वेळात त्या मुठीच कोरतात.

"माझी भेट," बाइके म्हणाले. "फुलं आली नाहीत तरी काठ्या होतील. हरलीस की माझ्याच काठीने मला बडव."

"बडवायला काठी कशाला? हात आहेत की."

पण अशारला आणलेली वस्तू परत पाठवत नाहीत. घ्यावीच लागते. जिपारकुलने घेतली, दात आवळून घेतली.

आता बसवायचं कोणाला कुठे? तिने सकाळभर विचार केला तो आमच्याकडचं कोणीही करेल तसाच. घरात पाहुणे आले की कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. दारापासून सगळ्यात लांबची, आतली, उबेची जागा म्हणजे तोर, मानाची जागा. तिथे दुरून आलेला, मोठा पाहुणा. आणि दाराजवळ, उंबऱ्याशी, घरचेच कोणीतरी फालतू. मग गुलाब कुठे जाणार, सांगा? दक्षिणेच्या भिंतीशी, उन्हात, बॉयलरघराच्या गरम नळाला अगदी खेटून. तिने रंगही लोकरीच्या गालिच्यात घालतात तसे आलटून पालटून घातले: लालाशेजारी केशरी, केशरीशेजारी लाल, सख्ख्याला सख्खा भेटू द्यायचा नाही. कब्रस्तानचे आयरिस दाराकडच्या सावलीत गेले. आणि मंबेतालीची सात झुडपं थेट उंबऱ्याशी, जिथे हिवाळाभर लोक बर्फ उपसून टाकतात.

"माझ्या झुडपांना चपलांपाशी बसवलंस!" बाइके ओरडले.

"त्यांच्या बापाला बसवते तिथेच बसवलंय."

उन्हाळाभर गुलाब फुलत राहिले. काय फुलले! वाटेने जाणारी बाई थांबल्याशिवाय पुढे जाईना. जिपारकुल रोज सकाळी चहाचा वाडगा घेऊन पायरीवर बसायची आणि नुसती बघायची. काही करायची नाही, नुसती बघायची. ताबिल्गीने पानं धरली, एक फूल नाही. केरसुणी उलटी खोचून ठेवावी तशी सात झुडपं.

ऑक्टोबरात तिने गुलाबांना लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलं. नळावरचं जुनं आवरण दोन जागी उसवलं, म्हणजे जास्त ऊब लागेल. "माझ्याच बॉयलरची ऊब आहे," ती कानिशायला म्हणाली. "माझ्याच कामावरच्या पोरी कोळसा टाकतायत. मरतील कशाने?"

ताबिल्गीला कोणी विचारलंही नाही. बर्फ पडला की मंबेताली बाइके पहाटे उठून गाडी उकरायचे आणि सगळा बर्फ फावड्या-फावड्याने उंबऱ्याशी आपल्याच झुडपांवर लोटायचे. डिसेंबरात तिथे माणसाच्या खांद्याएवढा ढीग झाला.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन चांगलं तापलं. जिपारकुलने एका गुलाबाचा नमदा जरासा वर केला आणि किंचाळलीच. फांदीवर लाल लाल कोंब! ती तशीच धावत जिन्यावर गेली. "कानिशाय! चल, बघ! तुझ्या त्यांनाही आण!" दोघं नवरा-बायको येऊन वाकून बघू लागली. मंबेताली बाइकेंनी कोंब मोजले, आणि पुन्हा मोजले. त्या दिवशी जिपारकुलने पुन्हा बोरसोक तळले आणि सोळाही घरांत वाटले, खडीवाल्या घरांत दोन दोन जास्त, मुद्दाम.

आठवड्याने पारा उणे अठ्ठावीसवर गेला. तीन दिवस तिथेच.

मार्चमध्ये तिने नमदा सोडला तेव्हा सहाही गुलाब काळे पडले होते. कोळशासारखे. फांदी हातात घेतली की काडकन मोडायची. तिने नमद्याच्या घड्या घातल्या, नीट, कडा जुळवून, आणि घरात गेली.

एप्रिलात मंबेताली बाइके दोरी, खुंट्या आणि चुन्याची बादली घेऊन आले. खडीसाठी आखून ठेवतो म्हणाले. जिपारकुल पायरीवर बसली होती, पाठ त्या नळाला टेकवून. नळ अजून कोमट होता.

"पोरी, राग धरू नकोस," बाइके हळू आवाजात म्हणाले. "थंडीपुढे कोणाचं चालतं?"

"थंडीने नाही मारलं," ती म्हणाली, आणि एकदम ताठ बसली. हात मागे नेऊन तिने नळ चाचपला. "बाइके, गरम नळावर एकदम गार पाणी पडलं तर काय होतं?"

"फुटतो."

"आणि सगळा हिवाळा रिकामा, गारच राहिलेला नळ?"

"त्याला काय धाड भरते?"

"सव्वीस वर्षं नव्या पोरींना मी हेच ओरडून ओरडून सांगितलं! नुसता गारठा रिकामा नळ फोडत नाही गं, गरम-गार फोडतं. आणि स्वतः काय केलं? फेब्रुवारीत उबेला बसवून उठवलं त्यांना. झोपलेल्या माणसाला उठवून उघडं बाहेर ढकललं!" तिने स्वतःच्या कपाळावर अशी थाप मारली की बाइकेंच्या हातातली बादली हिंदकळली.

मग ती उठली आणि तरातरा उंबऱ्याकडे गेली. तिथे बर्फाचा मळकट ढीग अजून गुडघ्याएवढा उरला होता. ताबिल्गीच्या काटक्या त्यातून वर डोकावत होत्या, मेल्यासारख्या. तिने एका काटकीवर अंगठ्याचं नख ओढलं. सालीखाली हिरवं. ओलं, हिरवंगार.

"काय बघतेस?" बाइकेंनी विचारलं.

"काठी बघतेय. तुम्हाला बडवायला," जिपारकुल म्हणाली, आणि घमेलं शोधायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला खात्री पटली की एजेचं डोकं फिरलं. इमारतीच्या मागच्या कायम सावलीत बर्फ मेपर्यंत टिकतो. ती तो घमेल्याने भरून आणायची आणि उंबऱ्याशी ओतायची, ताबिल्गीच्या बुंध्याशी, आयरिसवर. लोक बर्फ काढतात, ही घालते.

"एजे, सूर्य विझवायचा विचार आहे का?" कानिशायने खिडकीतून विचारलं.

"निजवतेय," जिपारकुल म्हणाली. "आरडाओरडा करू नकोस, जागी होतील."

गावातल्या जर्दाळूंनी मेच्या सुरुवातीला घाई केली आणि गुलाबी होऊन उभे राहिले. बारा तारखेला बर्फ पडला. वीतभर. दुसऱ्या दिवशी जर्दाळूखाली तपकिरी पाकळ्यांचा चिखल. उंबऱ्याशी मात्र सगळं अजून मिटलेलं होतं, कळ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या आणि तेवढ्याच कडक. पण पंचवीस तारखेला फक्त बारा दिवस उरले होते. आता जिपारकुलला उलटी धास्ती लागली. इतकं निजवलं, आणि वेळेला उठल्याच नाहीत तर? तिने उरलासुरला बर्फ हाताने बाजूला केला, आयरिसवरची माती बोटांनी भुसभुशीत केली, आणि मग करण्यासारखं काही उरलंच नाही. ती रोज उकिडवी बसून बघायची. वीस तारीख, काही नाही. एकवीस, काही नाही. बाइकेंच्या ओळखीच्या ट्रकवाल्याने खडी आणून गल्लीच्या तोंडाशी ओतलीसुद्धा.

बावीसला ऊन तापलं. तेवीसला दुपारी ताबिल्गीची पहिली डहाळी खालपासून वरपर्यंत उकलली, चाळणीतून पीठ पडावं तशी. चोवीसला सातही झुडपं वाकली. वजनाने वाकली, हो! एवढ्या एवढ्या पांढऱ्या फुलांचे गुच्छ, फांदी दिसू नये इतके, आणि त्यांच्यात मधमाश्या, कुठून आल्या कोण जाणे. मागे आयरिसचे जांभळे भाले उभे.

जिपारकुल समोर उभी राहिली, कंबरेवर हात. आणि पहिला शब्द काय निघाला तिच्या तोंडून?

"पांढरं! सव्वीस वर्षं पांढरं बघितलं, आणि आलं ते पांढरंच!" आणि मग ती पायरीवर बसून इतकी हसली की डोळे पुसायला डोक्याच्या रुमालाचा कोपरा लागला.

पंचवीसच्या सकाळी नऊ पोरं पट्टीसमोर रांगेत, मुलींच्या डोक्यावर पांढऱ्या फिती फुगवून बांधलेल्या. जिपारकुल कात्री चालवत होती. तीन डहाळ्या ताबिल्गीच्या, एक आयरिस. तीन आणि एक. नववं पोर हातात फुलं घेऊन फाटकाबाहेर पडलं तेव्हा झुडपांवर अजून निम्म्याहून जास्त बहर शिल्लक होता. आख्खी इमारत बाहेर आली होती. आणि मंबेताली बाइकेंनी घसा साफ केला.

"एक मुद्दा," ते म्हणाले. "आयरिस राहू दे. पण पांढरी फुलं कोणाच्या झुडपांची? माझ्या! पहारीने मी खणली, डिकीतून मी आणली, बर्फ मी घातला. मग पैज जिंकली कोणी?"

जिपारकुलने कात्री खाली केली. तिचा चेहरा उतरला, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

तेवढ्यात कानिशाय वही काखेत मारून पुढे आली. कारभारीण म्हणून आली की बायको म्हणून, ते तिलाच ठाऊक. "काय म्हणालात?" तिने विचारलं. "अशारला नेलेली वस्तू तुम्ही परत मागताय?"

"परत नाही गं, मी फक्त..."

"सगळ्यांसमोर सांगा. मला वहीत लिहायचंय. अमुक तारखेला मंबेतालीने अशारची भेट परत मागितली. तुमच्या वडिलांचं नावही घालू का पुढे?"

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी कानामागे हात धरून म्हणाली, "काय, काय मागितलं?" आणि हे नेमकं तिला ऐकू गेलं होतं, कारण ती हातभर मागे सरकली. बाइके कानापर्यंत लाल झाले. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"मी मागतोय कुठे?" ते गरजले. "मी पहिल्यापासून सांगत होतो, लावायची तर डोंगरावरची लावा! विचारा कोणालाही! आता या फांदीला कोणाच्या गाडीचं चाक लागलं ना, तर त्याच्या पाठीवर चाबकाची मूठ मोडीन!"

त्या दुपारी जिपारकुलने मेंढीचं मांस शिजवलं. वाटताना हाडं पाहुण्यांच्या मानाप्रमाणे जातात; तिने सगळ्यात मानाचं हाड मंबेताली बाइकेंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "पांढरं झालं. आता पिवळं कुठे मिळतं ते सांगा."

बाइकेंनी हाड उचललं. "अल्तिगाना चालेल? दरीच्या पलीकडे मुबलक आहे, पिवळीधमक. काटे आहेत पण."

"माझ्या जिभेलाही आहेत. आणा."

तेव्हापासून ती रोप निवडते ते असं: चित्रातलं फूल बघत नाही, ते हिवाळ्यात कुठे झोपतं ते विचारते. उबेची ज्याला गरज पडते ते नको. लवकर उठणारं नको. शरदात अल्तिगाना आणली. पुढच्या वर्षी ती पिवळी झाली. तिच्या पायाशी गवळ्याकडून आणलेली जंगली पिओनी, तिला फुलायला तीन वर्षं लागली आणि आली ती लालभडक. उन्हाळ्याच्या शेवटाला निळे डेल्फिनियम, बर्फ पडेपर्यंत तग धरणारे जांभळे अ‍ॅस्टर. झुडपं सगळी नळापासून लांब, उंबऱ्याकडे, बर्फाखाली. नळापाशी बाइकेंनी बाक ठोकला आहे आणि तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं त्यावर पाठ शेकत बसतं.

आणि त्या मेलेल्या गुलाबांतला एक त्याच वर्षी जूनमध्ये बुंध्यातून फुटला. जिपारकुलने आनंदाने बिश्केकला फोन केला. दोन वर्षांनी फुलं आली तेव्हा कळलं, कलम वरचं मेलं होतं. जगलं होतं ते खालचं मूळ, आणि ते निघालं आपलं साधं रानगुलाब, ज्याला आम्ही 'कुत्र्याचं नाक' म्हणतो आणि ज्याच्या लाल फळांचा चहा करतो.

"दारिइका, तुझी राजधानीची पाहुणी," जिपारकुल फोनवर ओरडली, "आतून आमच्याच गावची निघाली गं!"

मंबेतालींची मिनीव्हॅन अजून रस्त्यावरच उभी असते. आरसा या वर्षी दोनदा तुटला. ते शिव्या देतात, नवा बसवतात, आणि जाता जाता ताबिल्गीची एखादी वाळकी काटकी मुठीसाठी काढून घेतात. विचारून.

आता तुम्ही. पहिल्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मनात दिलंय, मला माहीत आहे काय दिलंय ते. उठा, खाली जा, आणि दारासमोरच्या त्या मातीवर कोणाची गाडी उभी आहे ते बघा. तुमचीच असेल, तर कृपा करून आधी ती काढा.